गाडीच्या मागे वर्क लाईट: वायरिंगबद्दल सारखे येणारे प्रश्न

थार, जिम्नी, जिप्सी, जुनी एमएम ५४०, बोलेरो कॅम्पर, गाडी कुठलीही असो, मागच्या वर्क लाईटबद्दल प्रश्न बारा महिने येतात आणि पावसाळा तोंडावर आला की जरा जास्तच येतात. तेच तेच पुन्हा टाईप करण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केलेत. गाडी १२ व्होल्टची धरून लिहिलंय, २४ व्होल्टवाल्यांनी प्रश्न १८ बघा. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, "लाईट खराब झाली" म्हणून जे काही येतं त्यातल्या बहुतेक वेळा लाईट चांगलीच असते, गेलेला असतो तो अर्थ (करंट परत जायला गाडीच्या बॉडीला दिलेली जोडणी) नाहीतर एखादा जोड. म्हणून खाली लाईटपेक्षा वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) आणि अर्थ यांच्यावरच जास्त लिहिलंय.

१. गाडीला रिव्हर्स लाईट असतेच की, मग वेगळी वर्क लाईट कशाला?

कंपनीची रिव्हर्स लाईट म्हणजे साधारण १६ किंवा २१ वॅटचा बल्ब, तोही बंपरमध्ये नाहीतर टेल लॅम्पच्या कोपऱ्यात. पार्किंगमध्ये गाडी मागे घ्यायला तेवढी पुरते. पण घाटाखाली जंगलातल्या वाटेवर रात्री गाडी मागे घ्यायची आहे, एका बाजूला चर आहे, दुसऱ्या बाजूला दगड, तिथे तिचा काही उपयोग होत नाही. शिवाय ती रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय पेटत नाही. मागे स्ट्रॅप लावून दुसऱ्या गाडीला ओढायचंय, शॅकल बसवायचीय, तंबू ठोकायचाय, स्टेपनी काढायचीय, ही सगळी कामं गाडी उभी असतानाची. शेतावरचे लोक तर रात्रीच्या लायटीच्या पाळीला ऊसाला पाणी द्यायला जातात तेव्हा कॅम्परच्या मागे उजेड लागतोच. ट्रॅक्टरला मागे प्लाऊ लॅम्प असतो ना, तेच काम इथे.

२. ही लाईट रस्त्यावर चालवली तर पोलीस पकडतील का?

पकडू शकतात आणि त्यांचं बरोबरच असेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ असं सांगतो की गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दिसता कामा नये. त्याला मोजके अपवाद आहेत, नंबर प्लेटवरचा पांढरा उजेड, इंडिकेटरचा पिवळा, आणि रिव्हर्स घेताना पेटणारा पांढरा, वगैरे. म्हणजे पुढे जाताना मागे पांढरी वर्क लाईट चालू ठेवली तर तो सरळ सरळ नियमभंग आहे.

नियम राहू द्या बाजूला, मागून येणाऱ्या बाईकवाल्याचा विचार करा. त्याच्या डोळ्यावर अचानक पांढरा झोत आला की त्याला रस्ता, खड्डा, वळण काहीच दिसत नाही. कोणी मागून अप्पर मारतोय म्हणून त्याला "धडा शिकवायला" मागची लाईट लावणारे लोक आहेत, कृपा करून हे करू नका, माणूस मरेल. आणि चुकून चालू राहू नये म्हणून स्विच पेटलेला दिसणारा घ्या, म्हणजे इंडिकेटर असलेला. काही जण लाईटवर रबरी किंवा प्लास्टिकचं झाकणही घालून ठेवतात, चांगली सवय आहे.

३. किती वॅटची घेऊ? फ्लड की स्पॉट?

मागे फ्लडच, म्हणजे पसरट उजेडाची. स्पॉटचा झोत लांब जातो, पण मागे आपल्याला लांबचं बघायचंच नसतं, गाडीच्या मागचे आठ-दहा मीटर आणि दोन्ही बाजू दिसल्या की काम झालं. १८ ते ३६ वॅटची एक चांगली एलईडी फ्लड भरपूर होते, कॅम्पिंगला तर १८ पण डोळ्यावर येते.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर १० अँपच्या सॉकेटला लावून लाईटच्या सिरीजमध्ये जोडा आणि करंट बघा, अँप गुणिले व्होल्ट म्हणजे खरे वॅट. समजा खोक्यावर ७२ लिहिलंय आणि १२.६ व्होल्टला मीटर १.८ अँप दाखवतोय, तर ती लाईट २३ वॅटची आहे, बास. पुढचं सगळं गणित, फ्यूज, वायर, बॅटरी, या मोजलेल्या आकड्यावर करायचं.

४. बसवायची कुठे? थार-जिम्नीला मागे स्टेपनी आडवी येते.

हो, दोन्हींचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि स्टेपनी त्याच्यावरच, जिप्सीचंही तेच. त्यामुळे तीन जागा उरतात.

एक, रूफ रॅकचा मागचा दांडा. उजेड वरून पडतो, सावल्या कमी पडतात, दरवाजा उघडला तरी लाईट जागेवरच. माझं मत विचाराल तर हीच जागा. फक्त लाईट खाली झुकवा, पंधरा-वीस अंश तरी, नाहीतर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या थेट डोळ्यात जाते.

दोन, बंपरमध्ये. दिसायला मस्त, वायरिंग सोपं, पण चिखल आणि दगड सगळे तिथेच बसतात आणि पहिल्या उतारावर बंपर टेकला की लाईट फुटते.

तीन, स्टेपनीच्या ब्रॅकेटवर. इथे वायर दरवाज्याच्या बिजागरीतून न्यावी लागते (प्रश्न ११), आणि दरवाजा उघडला की उजेड भलतीकडेच वळतो. सामान काढताना नेमका उजेड नाही, अशी पंचाईत होते.

रिव्हर्स कॅमेरा असेल तर लाईट कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी किंवा त्याच्या नजरेसमोर लावू नका, स्क्रीन नुसती पांढरी दिसते. भोक पाडायचंच नसेल तर मॅग्नेट बेसची लाईट घ्या आणि मागे १२ व्होल्टचं सॉकेट असेल तर त्यात पिन घाला, काम झालं की काढून ठेवा. रोज न लागणाऱ्या माणसाला हे पुरेसं आहे, उगाच गाडी उघडायची गरज नाही.

५. सामान काय काय आणू?

लाईट आणि तिची क्लॅम्प धरलीच. त्याशिवाय ४ पिनचा १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याचा सॉकेट, पाण्यापासून बंद होणारा ब्लेड फ्यूज होल्डर, फ्यूज (एक-दोन जास्तीचे), स्विच, लाल आणि काळी ऑटो वायर, स्विचसाठी बारीक वायर, गोल थिंबल, स्पेड थिंबल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की जोडावर आवळणारी नळी), काळा फ्लेक्झिबल पाईप, केबल टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची रिंग). हत्यारांत क्रिम्पिंगची, म्हणजे थिंबल दाबायची, पक्कड चांगली हवी. साध्या पकडीने दाबलेलं थिंबल हाताला घट्ट लागतं पण दगडाच्या रस्त्यावर महिन्याभरात सैल होतं. थिंबलच्या रंगाचा अर्थ लक्षात ठेवा: लाल दीड एमएमपर्यंत, निळं दीड ते अडीच, पिवळं चार ते सहा. वायर बारीक आणि थिंबल पिवळं, असं केलं तर कितीही दाबा, ते धरणार नाही.

६. डायरेक्ट स्विचमधून लाईट दिली तर? रिले लागतोच का?

खरं सांगायचं तर १८ वॅटच्या एका एलईडीला, म्हणजे दीड अँपला, रिले नसला तरी चालतं, बरा स्विच तेवढं सहज झेलतो. पण फ्यूज तरीही हवाच.

तरी मी रिले लावा म्हणतो. उद्या तुम्ही दुसरी लाईट जोडणार, परवा कोणी मित्र ५५ वॅटचा हॅलोजन आणून देणार, तो एकटाच साडेचार अँप खातो. रिले असला की स्विचमधून फक्त दीड-दोनशे मिलीअँप जातात, स्विच तापत नाही, डॅशबोर्डपर्यंत जाड वायर न्यावी लागत नाही आणि रिव्हर्सला आपोआप पेटवायची असेल तर ते रिलेशिवाय नीट होतच नाही (प्रश्न १२).

७. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ लिहिलंय, कशाला काय जोडायचं?

३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, फ्यूजमधून आलेला. ८७ मधून लाईटला. ८६ ला स्विचमधून येणारा पॉझिटिव्ह, ८५ ला अर्थ. स्विच दाबला की आतलं कॉइल ओढतं, ३० आणि ८७ जोडले जातात, टक असा आवाज येतो.

५ पिनचा रिले मिळाला तर मधला ८७ए रिकामा सोडा, पण त्याला टेप लावून, कारण रिले बंद असताना त्याच्यावर करंट असतो.

साध्या रिलेत ८५-८६ उलटे झाले तरी चालतं. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत नाही चालत, तिथे ८६ पॉझिटिव्हच हवा, उलटं केलं की थेट शॉर्ट. रिलेच्या अंगावर छोटी आकृती छापलेली असते, त्यात डायोडचं चिन्ह दिसतंय का ते आधी बघा. डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घेतलेला चांगला, कॉइल बंद होताना जो उलटा झटका येतो तो गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत जात नाही.

८. फ्यूज किती अँपचा आणि लावायचा कुठे?

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त एक वीत अंतरावर. लाईटजवळ लावलेला फ्यूज काही कामाचा नाही. फ्यूज असतो वायर वाचवायला. बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत चार-पाच मीटर वायर पत्र्यातून, चॅसिसवरून, सायलेन्सरच्या आसपासून जाते, त्यात कुठेही कातडी सोलली आणि तांबं बॉडीला लागलं तर बॅटरी शेकडो अँप त्या वायरीत ढकलते. फ्यूज मागे असेल तर तो आहे तसाच राहतो आणि वायर पेटते, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालाय.

आकडा काढायला लाईटचा मोजलेला करंट घ्या, त्याच्या दीडपट करा आणि जवळचा वरचा फ्यूज. ३६ वॅट म्हणजे ३ अँप, दीडपट साडेचार, म्हणून ५ चा. दोन लाईट असतील तर १० चा. रंगाने ओळखायचे तर ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही, आणि सिगरेटची चांदी गुंडाळून तर अजिबातच नाही. उडतोय म्हणजे बहुतेक कुठेतरी वायर सोललीय, ती शोधा, शोधायची पद्धत प्रश्न १७ मध्ये.

९. वायर किती जाडीची? घरात फिटिंगला वापरतात ती चालेल का?

एका ३६ वॅटच्या लाईटला दीड एमएम म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची. हिशोब असा: पाच मीटर जायची आणि पाच मीटर यायची वायर, दीड एमएमची, मिळून साधारण ०.१२ ओहम, ३ अँपला ०.३५ व्होल्ट पडतात, ठीक आहे. तेच अर्ध्या एमएमची बारीक वायर ओढली, लाईटबरोबर फुकट येणाऱ्या किटमध्ये बऱ्याचदा तीच असते, तर एक व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच जातो. दोन लाईटला किंवा हॅलोजनला अडीच एमएम ओढा. दुकानात १४/०.३० असं मागितलं तर ती एक एमएमची, २८/०.३० म्हणजे दोनची. पहिला आकडा तारांचा, दुसरा एका तारेच्या जाडीचा.

घराची वायर तात्पुरती चालते, कायमची नको. तिचं प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेला आणि डिझेल-ऑइलला टिकत नाही, कडक होऊन तडकतं. मीटरमागे पैसे वाचून वाचून किती वाचणार, ऑटो केबलच घ्या.

१०. अर्थ कुठे करू? जवळच्या एखाद्या स्क्रूला दिला तर?

याच जागी सगळ्यात जास्त लोक फसतात. जवळचा स्क्रू प्लास्टिकच्या क्लिपमध्ये गेलेला असतो, किंवा पत्र्यात असतो पण रंगावर बसलेला. फायबरच्या टॉपला अर्थ मिळत नाही हे सांगायला नको, पण पावडर कोटिंग केलेल्या रूफ रॅकलाही मिळत नाही, रॅक रबरी पॅडवर बसलेला असतो.

नीट अर्थ असा करायचा: बॉडीचा किंवा चॅसिसचा जाड भाग आणि कंपनीने दिलेला बोल्ट शोधा, मागच्या टेल लॅम्पच्या आत बहुतेक गाड्यांना कंपनीचा अर्थ पॉईंट असतो, तो असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासा, रंग जाईल, खालचा प्रायमर जाईल, मग पत्रा चमकायला लागेल, तिथे थांबा. गोल थिंबल, त्याखाली दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट. वरून रंगाचा हात मारा किंवा व्हॅसलीन थापा म्हणजे गंज धरणार नाही. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका, तो बोल्ट आणि त्याचा टॉर्क जिवाशी संबंधित आहे.

तपासायचं कसं? लाईट चालू करा, मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब लाईटच्या काळ्या वायरीला. ०.१ किंवा ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ छान. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर परत घासा.

अजून एक बारीक गोष्ट, ज्या नवीन गाड्यांना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असतो (स्टार्ट-स्टॉपवाल्यांना बहुतेक असतोच) तिथे आपला अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला द्यायचा नाही. तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशोब चुकतो. बॉडीलाच द्या.

११. वायर पुढून मागे नेऊ कुठून?

आतून नेता येत असेल तर आतून. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) कंपनीचं रबरी ग्रोमेट असतं, त्यातून आत, मग दरवाज्याखालच्या पट्टीच्या आतून मागे, कंपनीची वायर जाते त्याच्याच बाजूने. ऊन नाही, चिखल नाही, दगड नाही. नवीन भोक पाडलं तर ग्रोमेट घातल्याशिवाय वायर ओवू नका, पत्र्याची कड सुरीसारखी असते, गाडी हलून हलून कातडी कापली जाते.

खालून न्यायची वेळ आली तर चॅसिसच्या आतल्या बाजूने, फ्लेक्झिबल पाईपमध्ये, वीत-वीत अंतरावर टाय. ब्रेकच्या आणि डिझेल-पेट्रोलच्या पाईपला बांधायची नाही. सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट आणि स्प्रिंगपासून लांब. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा काय कुठे जातं ते गाडी जॅकवर घेऊन बघा, उभ्या गाडीखाली सगळंच लांब वाटतं.

दरवाज्यावर लाईट असेल तर बिजागरीच्या बाजूला कंपनीचा अकॉर्डियनसारखा रबरी पाईप असतो, वायपर आणि कुलपाच्या वायरी त्यातूनच जातात, आपली पण त्यातूनच ओवा. साबणाचं पाणी लावलं की सरकते. बारीक तारांची मऊ वायर वापरा, जाड तारांची वायर उघड-मीट करून आतल्या आत तुटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. रॅकवरून खाली येणाऱ्या वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळावरून टपकून जातं, वायरीवरून आत येत नाही.

१२. रिव्हर्स टाकला की आपोआप पेटावी आणि पाहिजे तेव्हा स्विचनेही. दोन्ही जमेल का?

जमतं, आणि हा बेस्ट प्रकार आहे. सगळ्यात सोपा मार्ग तीन पोझिशनचा स्विच, मधे बंद, दोन्ही बाजूला चालू. स्विचचा मधला पिन रिलेच्या ८६ ला. एका बाजूच्या पिनला फ्यूजमधून आलेला इग्निशनचा (चावी चालू केल्यावरच येणारा) पॉझिटिव्ह, दुसऱ्या बाजूला रिव्हर्स लाईटची वायर. वर केला की लाईट चालू, खाली केला की फक्त रिव्हर्सला, मधे असेल तर पूर्ण बंद. हायवेला आणि सोसायटीत मधे ठेवायचा, म्हणजे गाडी मागे घेताना शेजाऱ्यांच्या खिडकीत झोत जात नाही.

मॅन्युअल गाडीला रिव्हर्सचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन वायरींपैकी एकीवर रिव्हर्स टाकल्यावरच १२ व्होल्ट येतात. रिले पुढे असेल तर तिथून घ्या, मागे टेल लॅम्पपर्यंत जायला नको.

रिले मागे बसवला असेल आणि दोन्ही सिग्नल तिथेच एकत्र करायचे असतील तर दोन डायोड लागतात, १एन४००७ चालतात, प्रत्येक सिग्नलच्या वायरीत एक, आणि दोन्हीची पांढरी पट्टी ८६ कडे. डायोड न लावता दोन्ही वायरी नुसत्या पिळून जोडल्या तर काय होतं, तुम्ही स्विच लावला की करंट उलटा रिव्हर्सच्या वायरीत शिरतो आणि गाडीची रिव्हर्स लाईट पण पेटते, कॅमेऱ्याला वाटतं गाडी रिव्हर्समध्ये आहे, आणि हा सगळा भार त्या बारक्या स्विचमधून जातो.

१३. माझी गाडी नवीन आहे, सगळं कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स) चालतं. रिव्हर्सची वायर घेऊ का?

लाईट थेट त्या वायरीवर कधीच नाही, ३ अँप जास्तीचे मॉड्यूलला नको आहेत. फक्त रिलेचं कॉइल जोडायचं तर आधी मीटर लावा, टेस्ट बल्ब नको, जुन्या पद्धतीचा टेस्ट बल्ब स्वतःच करंट ओढतो. इंजिन चालू, रिव्हर्स टाका, त्या वायरीवर बॅटरीएवढाच व्होल्टेज स्थिर दिसतोय का बघा. आठ-नऊ असा अर्धवट आकडा आला तर मॉड्यूल ती वायर फार वेगाने चालू-बंद करतंय, तिच्यावर रिले कटकट वाजत राहतो आणि लवकर जातो. अशा वेळी ऑटोमॅटिकचा नाद सोडा, हाताचा स्विच लावा. गिअरबॉक्सचा स्विच अर्थ देणारा निघाला, म्हणजे सिग्नल मॉड्यूलला जातो, तरी तेच उत्तर.

१४. वॉरंटी जाईल का?

कंपनीची वायर कापली किंवा सोलून पिळली आणि नंतर इलेक्ट्रिकमध्ये काही झालं तर सर्व्हिस सेंटर बोट तिकडेच दाखवणार. म्हणून पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, अर्थ बॉडीला, स्विचचा सिग्नल फ्यूज बॉक्समधल्या फ्यूज टॅपमधून (फ्यूजच्या जागी बसणारी, वायर न कापता जोड देणारी पिन). कंपनीच्या एकाही वायरीला ब्लेड लागता कामा नये. मग सगळं काढून गाडी होती तशी करता येते.

१५. इंजिन बंद ठेवून किती वेळ चालेल?

३६ वॅट म्हणजे तासाला ३ अँप-अवर. ६० एएचची बॅटरी चांगली असेल तर तीन-चार तास बिनधास्त, तेवढ्यात दहा-बारा एएच गेले. कागदावर जास्त निघतं पण सकाळी थंडीत डिझेल स्टार्ट करायला बॅटरीत जोर लागतो, आणि तीन-चार वर्षांची बॅटरी साठची राहिलेली नसते. मीटर १२.२ दाखवायला लागला की बॅटरी अर्धी आली समजा, तिथे लाईट बंद किंवा इंजिन चालू. माळशेजच्या पठारावर पहाटे धक्का मारायला कोणी भेटत नाही. विसरण्याची सवय असेल तर स्विचचा पॉझिटिव्ह इग्निशनवरून घ्या. रोज रात्री मुक्कामाला वापरणारे असाल तर थेट बॅटरीवरून, पण इंडिकेटर असलेला स्विच नक्की.

१६. पावसात, ओढ्यात टिकेल का? आयपी ६७ म्हणजे नक्की काय?

पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६९के म्हणजे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याला टिकते, वॉशिंग सेंटरला गाडी देणाऱ्यांनी ते बघावं. पण हे सगळं लाईटच्या डब्याबद्दल झालं, तिच्या शेपटीच्या जोडाबद्दल नाही, आणि पाणी नेहमी जोडातूनच शिरतं. म्हणून पाण्यापासून बंद होणारा कपलर (वायरी जोडायची-सोडायची पिन आणि सॉकेटची जोडी), नाहीतर क्रिम्प करून वरून गोंदवाली हीट श्रिंक. नुसती काळी टेप पहिल्या पावसात सुटते. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा होते, तिथल्या चिखलात तास-तास उभ्या असलेल्या गाड्यांची वायरिंग बघायला मिळाली तर जरूर बघा, रिले आणि फ्यूज सगळे वर, बॉनेटच्या उंचीला.

ओढ्यात उतरण्याआधी लाईट बंद करून पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या. तापलेली लाईट एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी कमजोर असेल तर पाणी आत ओढून घेते. काचेवर आतून धुकं दिसलं आणि लाईट लावल्यावर अर्ध्या तासात गेलं तर काळजी नको. थेंब साचलेले दिसले तर सील गेलंय.

कोकण किनाऱ्याला राहणाऱ्यांनी टिनचा मुलामा असलेली वायर मिळाली तर तीच घ्यावी. साधं तांबं खाऱ्या हवेने आतून हिरवं पडतं. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पला स्टीलचा बोल्ट असेल तर मधे नायलॉन वॉशर आणि ग्रीस, नाहीतर वर्षभरात पांढरी पूड धरून बोल्ट जाम होतो.

१७. लाईट मंद जळते, मधेच फडफडते किंवा फ्यूज उडतो. सुरुवात कुठून करू?

लाईट चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग लाईटच्या दोन वायरींवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त असेल तर आधी अर्थ (प्रश्न १० मधली टेस्ट), तो ठीक निघाला तर पॉझिटिव्हच्या बाजूने एकेक जोड: फ्यूजच्या आधी आणि नंतर, रिलेच्या ३० वर, ८७ वर. जिथे आकडा एकदम पडतो तिथेच घोळ. हाताने चाचपून पण कळतं, सैल जोड गरम लागतो.

खड्ड्यात फडफडत असेल तर वायर हलवून हलवून बघा, बहुतेक वेळा थिंबल सैल असतं. फ्यूज उडत असेल तर लाईट कपलरमधून सोडा आणि नवीन फ्यूज टाकून स्विच लावा. टिकला तर दोष लाईटमध्ये, लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, ग्रोमेट आणि बिजागरी आधी बघा. स्विच बंद असूनही एलईडी अंधुक जळत राहते ही तक्रार पण येते, ती बहुतेक बिनरिलेच्या जोडणीत. इंडिकेटरवाल्या स्विचमधून किंवा मॉड्यूलमधून दोन-चार मिलीअँप गळतात आणि एलईडीला तेवढे पुरतात. रिले लावा, बंद होईल.

१८. आर्मी डिस्पोजलची गाडी आहे, २४ व्होल्टची. काय बदलेल?

बऱ्याच एलईडी लाईटवर ९ ते ३२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ती तशीच चालते आणि करंट निम्मा होतो, ३६ वॅटला दीड अँप. रिले मात्र २४ व्होल्ट कॉइलचाच घ्या, १२ चं कॉइल जळतं. स्विचमधला इंडिकेटर पण २४ चा. आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढायचा शॉर्टकट करू नका, एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही जातात.

१९. लाईट लावली की एफएमला खरखर येते.

स्वस्त लाईटच्या आतल्या ड्रायव्हरचा तो आवाज असतो. लाईटच्या अगदी जवळ दोन्ही वायरींवर मिळून एक फेराइटची क्लिप बसवा, त्यातून वायरीचे दोन-तीन वेढे घेतले तर अजून बरं. वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब करा. एवढं करून नाही गेला तर लाईट बदलणं हाच उपाय.

२०. उंदीर वायर खातात, काय करू?

बॉनेटखालची वायर फ्लेक्झिबल पाईपमध्ये घाला आणि शेवटची टोकं टेपने बंद करा, उघड्या टोकातून ते सुरुवात करतात. जास्तच त्रास असेल तर त्याच्यावर बारीक स्टीलची जाळी गुंडाळा, पण जाळी बॅटरीच्या टर्मिनलला लागणार नाही हे बघून. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्यूज काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून द्या, म्हणजे वायर कुरतडली गेली तरी शॉर्ट होऊन आग लागणार नाही. परत वापरायला काढताना आधी पाईप चाचपून वायर बघा, मग फ्यूज घाला.

२१. हे सगळं मी घरी करू शकतो का, की इलेक्ट्रिशियनकडेच जाऊ?

मीटर वापरता येत असेल आणि प्रश्न ७, ८ आणि १० नीट समजले असतील तर एका रविवारी होतं. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि सगळं झाल्यावर ते शेवटी लावा, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. काही गाड्यांत बॅटरी काढली की स्टिरिओ कोड मागतो आणि काच वर-खाली करून पुन्हा सेट करावी लागते, मॅन्युअल आधी वाचा.

इलेक्ट्रिशियनकडे जात असाल तर काम चालू असताना तिथेच थांबा आणि तीन गोष्टी स्वतः बघा: फ्यूज बॅटरीजवळ बसवलाय, अर्थसाठी रंग घासलाय, जोड क्रिम्प केलेत, नुसते पिळून टेप लावलेली नाही. चांगला कारागीर तुम्ही विचारलं म्हणून रागावत नाही, उलट दाखवतो. निघण्याआधी इंजिन चालू करून, लाईट लावून, दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा आणि मग फ्यूज होल्डर, रिले आणि मागचा कपलर हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड तिथल्या तिथे पुन्हा करून घ्या.